भागीरथीतले दोन एच

माझ्या आत्याचं नाव भागीरथी. इंग्रजीत ते नीट लिहायचं तर एच दोनदा लागतो. एकदा बीच्या पाठीला, म्हणजे भ होतो. एकदा टीच्या पाठीला, म्हणजे थ होतो. तिच्या आधार कार्डावर हे दोन्ही एच आहेत. बँकेच्या पासबुकात मात्र पहिला एच नाही. खातं उघडलं त्या दिवशी तो कुणाच्या तरी बोटाखालून निसटला आणि पुढची कित्येक वर्षं त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. मग निराधार योजनेचं अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होणार असं ठरलं. जोडताना नाव जुळलं नाही आणि आत्याचे पैसे थांबले.

परभणी जिल्ह्यातल्या तिच्या गावाहून तालुक्याला यायला सकाळी एक एसटी आहे, परतीची दुपारी. सहा महिने ती अशी येत राहिली. बँकेतले म्हणत, आधार दुरुस्त करून आणा. आधार केंद्रातले म्हणत, आमच्याकडे बरोबर आहे, बँकेत जा. "नाव जुळंना मनायलेत," ती माझ्याकडे येऊन टेकायची आणि सांगायची. "बापू, मी तर तीच हाय. अंगठा बी त्योच हाय. मंग नाव दुसरं कसं झालं?"

या प्रश्नाला उत्तर नाही. अंगठा जुळतो, आधार क्रमांक जुळतो, जन्मसाल जुळतं, गाव जुळतं. जुळत नाही ते परक्या लिपीतलं एक अक्षर. ते तिनं जन्मात कधी लिहिलेलं नाही, आणि ते नेमकं कुठं घालायचं याचा एक नियम आपल्या कार्यालयांमध्ये कुणी पाळत नाही. अशा अक्षरावरून माणसाचा हक्क अडवणं अन्यायाचं आहे असं माझं मत आहे. हे मी केवळ आत्याच्या कळवळ्यानं म्हणत नाही. पंचवीसेक वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. या अक्षराचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि त्याच्या भरवशावर कुणाची ओळख टांगू नये हे मी त्या अनुभवावरून सांगतो.

इंग्रजीला स्वतःच्या घरातच एच नीट सांभाळता आलेला नाही. त्याचं मूळ फिनिशियन लोकांच्या 'हेथ' या अक्षरात आहे. ते ग्रीकांकडे आलं तेव्हा पूर्वेकडच्या ग्रीकांनी त्याचा चक्क स्वर करून टाकला, पश्चिमेकडच्यांनी ह ठेवला, आणि ही पश्चिमेकडची वाट पुढे रोमनांपर्यंत गेली. लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडून तो ह हळूहळू विरला. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या तिच्या लेकींमध्ये आज एच लिहितात, पण बोलताना तो बहुतेक मुका असतो. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच शब्दांबरोबर हा मुका एच इंग्रजीत शिरला. अवर, ऑनेस्ट, ऑनर हे त्यातलेच शब्द. इंग्रजांचा स्वतःचा एचही धड राहिला नाही. 'व्हॉट'च्या जुन्या रूपात एच आधी होता आणि डब्ल्यूचा आवाज नंतर. पुढे लिहिणाऱ्यांनी दोघांची जागा बदलली. 'नाइट' या शब्दात जी आणि एच मिळून पूर्वी ख सारखा घशातला आवाज होता. आवाज गेला, अक्षरं राहिली. 'घोस्ट'मधल्या एचची गोष्ट तर मला फार बोलकी वाटते. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्याचे खिळे जुळवणारे फ्लेमिश वळणाचे. त्यांनी आपल्याकडच्या सवयीनं या शब्दात एच बसवला आणि तो कायमचा बसला. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणा कामगाराच्या हातून पडलेलं एक अक्षर आज जगभरची मुलं पाठ करतात. आत्याच्या पासबुकातही एका कामगाराच्या हातूनच एच पडला, फक्त उलट्या दिशेनं. तिकडच्या सवयीचं शुद्धलेखन झालं आणि इकडची गफलत आत्याला भोवली.

एच दुसऱ्या अक्षराशेजारी बसला की काय करील याचा नेम नाही. सीबरोबर तो 'चेअर'मध्ये च होतो, 'केमिस्ट्री'त क होतो, 'मशीन'मध्ये श होतो. पीबरोबर फ होतो. टीबरोबर 'थिंक' आणि 'दिस' असे दोन वेगवेगळे आवाज देतो, आणि हे दोन्ही आवाज मराठीत नाहीत. आपण थ आणि द वर भागवतो. 'थॉमस' लिहितात आणि 'टॉमस' वाचतात. पहिलीतल्या लेकराला आपण 'एच फॉर हेन' शिकवतो आणि मग हे सगळं त्याच्यापुढे टाकतो.

शास्त्रज्ञांनी मात्र हेच अक्षर वळणावर आणलं. मोठा एच म्हणजे हायड्रोजन, छोटा एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक, विद्युतशास्त्रात मोठा एच म्हणजे हेन्री हे एकक. पेन्सिलीवरचा एच शिसं कठीण असल्याचं सांगतो. औषधाच्या पाकिटावरचं 'शेड्यूल एच' म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. बऱ्याच देशांत निळ्या पाटीवर नुसता एच दिसला की जवळ दवाखाना आहे हे ट्रकवाल्यालाही कळतं. जिथं माणसांनी बसून ठरवलं तिथं एच निमूटपणे एकच काम करतो. आपल्या नावांच्या बाबतीत ठरवलं गेलं, पण पाळलं गेलं नाही. देवनागरी नावं रोमन लिपीत कशी लिहायची याची विल्यम हंटर यांची पद्धत भारत सरकारनं १८७२ मध्येच स्वीकारली होती. भ साठी बी-एच, ध साठी डी-एच, च साठी सी-एच, छ साठी सी-एच-एच. तिच्यातही त्रुटी आहेत, ट आणि त दोघांना ती एकाच टीवर बसवते. पण नियम तरी आहे. आधार केंद्रात, बँकेत, शाळेत नाव टंकणाऱ्या किती जणांना तो कधी सांगितला गेला?

मराठवाड्याचा नकाशा इंग्रजीत उघडून पाहा. हिंगोलीतला एच खराखुरा ह आहे. परभणीत तो ब ला फुंकर घालून भ करतो. पैठणमध्ये टी-एच म्हणजे ठ, आणि पाथरीत तेच टी-एच म्हणजे थ. कंधारमध्ये डी-एच म्हणजे ध, औंढ्यात ढ. बाहेरगावचे दुकानदार 'पैथनी' म्हणतात तेव्हा आपल्याला हसू येतं, पण त्यांनी अक्षरं बरोबरच वाचलेली असतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगूचं वारं आहे. दक्षिणेत टी ट साठी राखून ठेवतात आणि त साठी टी-एच लिहितात, म्हणून तिकडची लता टी-एचनं लिहिली जाते. तीच मुलगी नांदेडला शिकायला आली की इथला कारकून तिला 'लथा' करतो.

नामांतरानंतर तर आणखी गंमत घडली, पण तिचा विचार गंभीरपणे करायला हवा. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या दोन्ही नावांत इंग्रजीत एकही एच नव्हता. छत्रपती संभाजीनगरमध्ये तीन आले, धाराशिवमध्ये दोन. छत्रपतीतल्या पहिल्या एचमुळे सीचा च होतो आणि दुसऱ्यामुळे त्या च चा छ. एवढी अक्षरं घाईघाईत टंकताना एखादा एच गळणार हे उघड आहे. बीडचं उदाहरण तर सरकारी कागदातलंच आहे. इंग्रजांच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये या गावाचं नाव बी-एचनं सुरू होतं, वाचावं तर 'भीर'. पुढे एच गेला आणि आज दोन ई घालून आपण ते लिहितो. एवढ्या अवधीत बीडचं बीडपण बदललं नाही, आणि एच गेला म्हणून बीडकडे कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही.

आपल्या भागाला तर लिपी बदलण्याचा अनुभव इतर महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात दरबारी कामकाज फारसीतून उर्दूत आलं आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा भारतात सामील होईपर्यंत सरकारी दप्तर मुख्यतः त्याच लिपीत राहिलं. उर्दूत भ लिहायचा तर ब काढून त्याच्या पाठीला 'दो चश्मी हे' जोडतात. ध, थ, घ, ख सगळे तसेच. म्हणजे साध्या अक्षराला ह चा टेकू देऊन महाप्राण करायची रीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या कागदांत इंग्रजीच्या आधीपासून आहे. जुन्या हस्ताक्षरांत ही 'दो चश्मी हे' आणि साधी 'हे' यांत काटेकोर फरक केलेला नसे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम मराठवाड्यात सुरू झालं तेव्हा मराठा समाजाच्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी आणि उर्दू कागद बाहेर काढावे लागले आणि ते वाचू शकणाऱ्यांची गरज पडली. त्या कामाकडे कुणी कोणत्याही बाजूनं पाहो, एक गोष्ट त्यातून शासनानं मान्य केली: लिपी बदलली की नावाचं रूप बदलतं, आणि माणूस ओळखायला जाणत्यानं संदर्भ पाहून वाचावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी जी समज दाखवता येते, ती खिडकीसमोर उभ्या असलेल्या बाईसाठी का दाखवता येऊ नये?

हे झालं कागदाचं. बोलण्यातही ह हा असाच येतो-जातो. आमच्याकडे 'म्हणाला' म्हणत नाहीत, 'मनला' म्हणतात. बघा नाही, बगा. दूध नाही, दूद. शहरातल्या नातेवाइकांनी यावरून आम्हाला लहानपणी पुष्कळ चिडवलं. पण हीच प्रवृत्ती प्रमाण मराठीतही आहे. हिंदीत 'हाथ' आणि 'भूख' आहे, मराठीत 'हात' आणि 'भूक'. ही रूपं आपण शुद्ध मानतो, कारण ती पुण्यातही तशीच बोलतात. मग 'दूद' म्हणणाऱ्या आत्याला अडाणी का ठरवायचं? इंग्लंडमध्येही ह गाळून बोलणारा कष्टकरी आणि ह उच्चारणारा घरंदाज अशी वाटणी शंभर-दोनशे वर्षं चालत आली आहे. खुद्द या अक्षराच्या नावावरूनही तिकडे माणसं ओळखतात. इंग्लंडात 'एच' म्हणतात, आयर्लंडमध्ये बहुतेक जण 'हेच' म्हणतात. नाव जुन्या फ्रेंचमधून आलेलं असल्यामुळे 'एच' या नावातच ह चा उच्चार नाही. गाडीच्या पाटीवरची अक्षरं वाचताना आमच्याकडे 'यम-यच' म्हणतात, तेलंगणाच्या सीमेवर 'हेच'ही ऐकू येतं. मी वर्गात 'यच' म्हणणाऱ्या मुलांना मधेच थांबवून दुरुस्त केलेलं आहे, सगळ्यांसमोर. ते चुकीचं होतं. त्या मुलांनी पुढं कितीतरी दिवस हात वर केला नाही, हे मला अजून आठवतं.

शाळेतच हे अक्षर वेगळ्या पद्धतीनं शिकवता आलं असतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठी मुलाला क आणि ख, ब आणि भ, ग आणि घ यांतला फरक उपजत कळतो. इंग्रज मुलाला तो सांगूनही कळत नाही. परभणी जंक्शनच्या पिवळ्या पाटीवर देवनागरी आणि रोमन अक्षरं एकाखाली एक आहेत. तिथं मुलांना उभं करून विचारावं, भ कुठं गेला? तो दोन अक्षरांत वाटला गेला आहे हे मूल स्वतः शोधतं. मग आपलं नाव, आईचं नाव, गावाचं नाव असं लिहायला लावावं. दहा दिवसांत मुलाला आपल्या नावात एच का आहे किंवा का नाही हे सांगता येईल, आणि पुढे कुठल्याही खिडकीवर त्याच्या नावाशी कुणी खेळलं तर ते तिथंच टोकील. आज उलट होतं. दाखल्यावरचं नाव एका पद्धतीनं, आधारवरचं दुसऱ्या, आणि विद्यार्थ्याचा 'अपार' हा ओळख क्रमांक काढताना दोन्ही जुळेनात म्हणून पालक मजुरी बुडवून शाळेत चकरा मारतात. शेतकरी ओळख क्रमांकाच्या वेळीही सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव ताडलं जातं. सातबारा मराठीत आहे. तिथला भ निःशंक आहे. शंका येते ती तो रोमनमध्ये नेल्यावर.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की संगणकाला तंतोतंत लागतं, त्याला माणसासारखं समजून घेता येत नाही. हे खरं नाही. १९१८ साली अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी आवाजावरून नावं जुळवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तिला साउंडेक्स म्हणतात, आणि तिकडच्या जनगणनेच्या नोंदी लावायला ती वापरली गेली. या पद्धतीत पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर वगळायचे, आणि व्यंजनांपैकी जी वगळायची त्यांत एच आहे. आत्याचं नाव मी या पद्धतीनं स्वतः मांडून पाहिलं. दोन्ही एच असलेल्या भागीरथीचा संकेत बी २६३ येतो. पहिला एच नसलेल्या 'बागीरथी'चाही बी २६३ येतो. संगणक यायच्या आधी, कागदी कार्डांवर हे जमत होतं. आज जमत नाही असं म्हणणाऱ्यानं जमवायचं नाही असं ठरवलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मराठीत ह ची फुंकर अर्थ बदलते. बाग वेगळी, भाग वेगळा. दार वेगळं, धार वेगळी. एच गाळून नावं जुळवली तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील, लबाडीला वाट मिळेल. ही भीती मला मान्य आहे, म्हणूनच नुसत्या आवाजावर जुळवा असं मी म्हणत नाही. पण जिथं अंगठा, क्रमांक आणि जन्मसाल जुळलेलं आहे तिथं उरलेल्या एका एचनं कोणती लबाडी पकडली जाणार? लबाड माणूस स्पेलिंग अगदी तंतोतंत करून येतो. अडकतो तो साधा माणूस.

'मग एकदाच काय ते नीट करून घ्या' हा सल्लाही सोपा नाही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एकदा लग्नानंतर बदललं, एकदा कुणाच्या चुकीमुळे बदललं, की संपलं. आणि नीट म्हणजे कुणाच्या नियमानं नीट?

माझ्या मते या प्रश्नाचा पाया कायद्यातच आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, आणि त्यानुसार राज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली मराठी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी आमच्या गावातही पेढे वाटले गेले. मग या राज्यात माणसाचं मूळ नाव देवनागरीतलं धरलं पाहिजे, आणि रोमन रूप ही त्याची सोयीसाठी काढलेली सावली मानली पाहिजे. आज उलटं चालतं. आधार नोंदवताना नाव रोमनमध्ये टंकतात आणि सॉफ्टवेअर त्यावरून मराठी करून देतं. टंकणाऱ्यानं लक्ष दिलं नाही तर भागीरथीची बागीरथी मराठीतही होते. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत होते त्याच वेळी मराठी नावाखाली ठरलेल्या नियमानं रोमन रूप लिहिलं जावं, आईबापांना ते वाचून दाखवावं आणि पुढे शाळा, मंडळ, बँक सगळ्यांनी तेच उचलावं. ज्यांना आपलं आडनाव वेगळ्या स्पेलिंगनं हवं आहे त्यांनी ते खुशाल लिहून द्यावं, तो त्यांचा हक्क आहे. आणि आधीच नोंदवल्या गेलेल्या आमच्या पिढीसाठी, दोन कागदांवर मराठी नाव एक असेल आणि क्रमांक एक असेल, तर रोमनमधल्या एचवरून कुणाचंही काम अडवायचं नाही असा स्पष्ट आदेश निघावा. त्याला नवा कायदा लागत नाही, खर्च तर जवळजवळ नाहीच.

आत्याचं काम अखेर एका प्रतिज्ञापत्रावर झालं. वर नमूद दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. साक्षरता वर्गात ती सही करायला शिकली होती. तिनं कागद मांडीवर घेतला आणि सावकाश भागीरथी असं लिहिलं. मी तिच्याकडचे सगळे कागद तेव्हा पहिल्यांदा एकत्र पाहिले. खातं उघडतानाच्या अर्जाच्या झेरॉक्सवर तिची हीच सही होती, भ सकट. आधार कार्डावर इंग्रजी नावाच्या वरच्या ओळीत मराठीत भागीरथी छापलेलं होतं. सहा महिन्यांत एकाही खिडकीवर कुणी ती ओळ वाचली नव्हती.